दांडीची दुसरी बाजू

लिंबाजीदादांना काहीही सांगितलं की ते आधी ऐकून घेत, मग खिशातली सुपारी काढून कातरत बसत आणि शेवटी म्हणत, "आता परत सांगा."

उमरग्याची बस गेली का, एवढंच त्यांनी विचारलेलं असायचं. आपण म्हणावं, गेली. तरी सुपारी कातरून झाल्यावर "आता परत सांगा" हे ठरलेलं. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्यांदा माणूस तोंडाला येईल ते सांगतो. दुसऱ्यांदा सांगताना त्याला मघाशी काय सांगितलं ते आठवावं लागतं, आणि खोटं असलं तर तिथंच तो अडखळतो. लाकडाचंही ते असंच करत. बोटाच्या पेरानं एकदा ठोकायचं, थांबायचं, मग फळी उलटी करून पुन्हा ठोकायचं. "पयल्या टकटकीला समदी लाकडं चांगलंच बोलत्यात," ते म्हणत.

मी त्या काळात आमच्या गावच्या सोसायटीच्या गोदामात काट्यावर कारकून होतो. आकड्यांशी माझं बरं जमतं, माणसांशी बेताचं. दादा मला नावानं कधी हाक मारत नसत. "काटेवाले" म्हणत. वयानं मी बराच लहान, तरी बोलताना "तुम्ही" म्हणत. ते गावात सगळ्यांनाच "तुम्ही" म्हणत, पण त्यात आदर किती आणि अंतर किती, हे मला कधी मोजता आलं नाही.

दूध सोसायटी आणि सेवा सोसायटी या कागदावर दोन संस्था होत्या, पण इमारत एक आणि चेअरमनही एकच, आण्णा. एका अंगाला माझं गोदाम, दुसऱ्या अंगाला दुधाचा ओटा. ओट्यावर दादा दूध तपासायचे. काचेची नळी दुधात सोडायची. ती किती वर तरंगते त्यावरून दुधात पाणी आहे की नाही ते कळायचं. त्या आकड्याला गावात डिग्री म्हणत. दादा मॅट्रिकच्या पुढं गेले नव्हते, पण गावानं त्यांचं नावच 'डिग्री' पाडलं होतं.

दादा बौद्धवाड्यातले. त्यांना नेमलं तेव्हा गावात कुरकुर झाली. आमच्या दुधात त्यानं नळी बुडवायची का, असं लोक ओट्याच्या पायऱ्यांवर उभं राहून बोलले. आण्णांनी एकेकाला विचारलं, "मग कुणाला नेमू? तुझ्या मेव्हण्याला?" तेव्हा सगळे पायऱ्या उतरले. प्रत्येकाला दुसऱ्याच्या मेव्हण्याची धास्ती. कुणाच्याच घरी ज्याचं सोयरपण नाही असा शिकलेला माणूस गावात हा एकच होता. ज्या कारणानं त्यांना लांब ठेवलं होतं, त्याच कारणानं ते ओट्यावर येऊन बसले. दादा हे ओळखून होते. एकदा मला म्हणाले, "काटेवाले, ह्यांचा माझ्यावर विश्वास न्हाय. ह्यांचा एकमेकावर न्हाय, म्हणून म्या हितं हाय."

बहात्तरच्या दुष्काळानंतर दहाबारा वर्षांनी आमच्याकडं पुन्हा कोरडी वर्षं आली, त्या वेळची ही गोष्ट. विहिरींना तळ दिसत होता. सकाळी बायका घागरी घेऊन टँकरच्या वाटेवर बसत. विश्वनाथराव हे गावातले मोठे शेतकरी, जुन्या अडतीच्या घरातले. वडिलांची धान्याची अडत बंद झाली होती, पण घराचा रुबाब तसाच होता. त्यांचा गडी दूध घेऊन आला, मागोमाग तेही आले. दादांनी नळी सोडली. ती खाली गेली ती गेलीच. दादांनी ती पुसली, पुन्हा सोडली. मग शांतपणे म्हणाले, "राव, गावाला प्यायला पाणी न्हाय, आन तुमच्या म्हशीला बरं घावतंय."

ओट्यावर हशा झाला. विश्वनाथरावांनी कॅन उचलायला लावला आणि गेले. हशा विरला, पण तो त्यांनी डोक्यात ठेवला. हे मला तेव्हाही कळलं होतं.

गिटारीचं खूळ शिरलं ते साखर कारखान्यावर. गळीत हंगाम सुरू होण्याच्या दिवशी सोलापूरहून ऑर्केस्ट्रा आणला होता. आम्ही ट्रॉलीत बसून गेलो होतो. लोक गाणारीकडं बघत होते, दादा एका पोराकडं. त्याच्या गळ्यात लाल रंगाचं चपटं वाद्य होतं. दादा माझ्या कानाशी लागले.

"ते पोकळ न्हाय."

"नसेल."

"नसंल न्हाय, न्हायच. जाडी बघा. दोन बोटं. भरीव लाकडातनं आवाज येतोय कुठनं? मागं टेप लावलीया."

आणि ते उठून पडद्यामागं गेले. परत आले ते आणखी वैतागून, कारण टेप नव्हती. मध्यंतरात त्यांनी त्या पोराला गाठलं आणि वाद्य ठोकून बघायची परवानगी मागितली. पोरगं हसलं, पण त्यानं ठोकू दिलं. दादांनी दोनदा ठोकलं. तारांखालची काळी पट्टी दाखवून त्या पोरानं लोहचुंबक, बारीक तारेचं वेटोळं वगैरे समजावलं. दादा म्हणाले, "आता परत सांगा." पोरानं परत सांगितलं. दोन्ही वेळा तेच सांगितलं, म्हणून दादांना ते पटलं.

परतीच्या ट्रॉलीत ते फळीवर बोटाच्या पेरानं ठोकत बसले होते. मग म्हणाले, "काटेवाले, हे आपुन करायचं. जयंतीला मिरवणुकीत वाजवायचं."

मी म्हणालो, "हलगी आहे की. बँडवाले आहेत."

ते माझ्याकडं वळले. "हलगी आमच्याकडनं वाजवून घेतली. लग्नात, जत्रंत, पोळ्याला, कुणी सांगंल तवा. माझा बाप तापानं फणफणत असताना वाजवत गेलाय. सनई दुसऱ्याची, ढोल तिसऱ्याचा. गावातल्या हरेक वाद्यावर कुणाचं तरी नाव हाय. हे एक असं दिसलं, ज्याच्यावर अजून कुणाचंच न्हाय."

त्यांना एवढं लांब बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर मी कशाला हा प्रश्न विचारला नाही. कसं, एवढंच विचारत राहिलो.

माझा हिशेबी आक्षेप एक होता. आवाज जर तार आणि चुंबकातून येतो, तर लाकूड कुठलंही चालेल. दादांना हे पटेना, पण मला खोटं पाडायलाही आधार नव्हता. म्हणून त्यांनी पाच लाकडांचे सारख्या मापाचे तुकडे जमवले. लिंब, आंबा, बाभूळ, साग, शिसव. मी ते गोदामातल्या काट्यावर तोलले. आंबा सगळ्यात हलका, शिसव त्याच्या जवळजवळ दीडपट. प्रत्येकावर तीच एक तार तेवढीच ताणायची, खाली सायकलच्या डायनॅमोतलं चुंबक आणि वेटोळं ठेवायचं, आणि आवाज जुन्या रेडिओतून काढायचा. मला त्यांनी भिंतीकडं तोंड करून बसवलं.

"कंचं?"

"बाभूळ."

"आता परत सांगा."

मी ऐकून परत सांगितलं, "बाभूळ." ती शिसव होती. सगळं मिळून माझी निम्मी उत्तरं चुकली. मग तार मी वाजवली आणि ते भिंतीकडं तोंड करून बसले. त्यांचीही थोडी चुकली. ते स्वतःवर एवढे नाराज झाले, की त्यांनी तेच पुन्हा दुसऱ्या दिवशी करायला लावलं. शेवटी निघालं ते एवढंच, की आंब्यावर आवाज लवकर मरतो आणि शिसवीवर तो बराच वेळ रेंगाळतो. मी म्हणालो, "फरक थोडा आहे."

"थोडा असंना. तारा कुणाच्या अंगावर ताणल्यात ते बघाया लागतं. लाकूड वाकलं तर सूर खोटा. तारा बिचाऱ्या खरंच बोलत असत्यात, मान वाकडी असती."

त्यांच्या बायकोचं, कौसाबाईंचं, मत साधं होतं. "नाव लिंबाजी. लिंबाचीच करा की, दारात झाड हाय."

"लिंबाला कीड लागत न्हाय म्हणत्यात. आपल्या चौकटीला लागली," दादा म्हणाले. आपल्या नावाच्या झाडावरही त्यांचा भरवसा नव्हता.

शिसवीची एवढी रुंद फळी मिळणं कठीण, म्हणून ती मानेपुरती आणि धडासाठी साग ठरला. उमरग्याला हमरस्त्याच्या कडेला मोडीत काढलेल्या ट्रकांच्या फळ्या विकणारा एकजण होता. त्यानं शपथेवर सांगितलं, अस्सल साग आहे. दादांनी फळीची ढलपी काढली, थुंकीनं ओली केली, हुंगली, माझ्या नाकाला लावली. मला डिझेलचा वास आला.

"साग हाय का?" त्यांनी विकणाऱ्याला विचारलं.

"साग की, मालक."

"आता परत सांगा."

"अहो, बर्मा साग!"

दादा फळी खाली ठेवून चालू लागले. वाटेत म्हणाले, "पयल्यांदा नुसता साग. दुसऱ्यांदा बर्माला जाऊन आला."

खरा साग शेवटी त्यांच्या घरातच निघाला. लग्नात सासऱ्यानं पलंग दिला होता. तो सागाचा आहे असं सासरा सांगत आला होता आणि लग्नापासून दादांना त्याचा संशय होता. उशाची रुंद फळी त्यांनी तासून बघितली, ओली करून बघितली. अस्सल साग. त्या दिवशी ते सासऱ्याबद्दल पहिल्यांदा बरं बोलले. दुसऱ्या दिवशी उशाची फळी काढली.

कौसाबाई मला म्हणाल्या, "बघा भाऊ. आमच्या बापाचं खरं बोलणं असं अंगावर आलं. खोटा असता तर पलंग वाचला असता."

बाकीचं सामान असंच गोळा झालं. मानेवर बोटं दाबायच्या आडव्या पट्ट्यांच्या जागी सायकलचे आरे कापून बसवले. तारा ज्यावर टेकतात तिथं पितळी बिजागरी. तारा ताणायच्या चाव्या बँडवाल्यांच्या फुटक्या मेंडोलिनच्या. केसासारखी तांब्याची तार मोटार-रिवायंडिंगच्या दुकानातून आणली, ती माझ्याकडून तोलून घेतली आणि मग मी बरोबर तोललं का हे बघायला पोस्टातल्या काट्यावर तोलली. वरच्या टोकाला, मानेच्या शेवटी, तारा ज्या खाचांतून जातात तिथं हाडाचा तुकडा लावतात, असं त्या ऑर्केस्ट्राच्या पोरानं सांगितलं होतं. त्या साली माळावर मेलेल्या जनावरांच्या हाडांना तोटा नव्हता. मी सहज म्हणालो, एखादं आणू.

दादा हातातलं काम थांबवून म्हणाले, "हाड नको."

मग, पुन्हा कामाला लागत, "आमच्या बापानं लई उचलल्यात."

त्यांनी टूथब्रशच्या दांडीचा तुकडा घासून तिथं बसवला. हिरव्या रंगाचा. तो शेवटपर्यंत तसाच होता.

राहिली मान. तिला शिसव हवी होती, तीही वर्षानुवर्षं मुरलेली, भार सोसून सरळ राहिलेली. अशी शिसव गावात एकच होती, माझ्याच गोदामात. आढ्याला जुन्या तराजूची दांडी टांगलेली होती, सव्वाचार फूट लांब. दोन टोकांना पारड्यांची भोकं, मध्ये लोखंडी आकड्याचं भोक. विश्वनाथरावांच्या वडिलांनी अडत बंद करताना तो तराजू सोसायटीला भेट दिला होता. आधी अडतीवर आणि मग नवा प्लॅटफॉर्म काटा येईपर्यंत सोसायटीत, गावाची ज्वारी, तूर, करडई सगळी त्यावरच तोलली जायची. मी लागलो तेव्हा नवा काटा येऊन गेला होता. पारडी मोडीत गेली होती, दांडी तेवढी धूळ खात होती.

दादांनी ती आढ्यालाच ठोकून बघितली. खुर्चीवर चढून दोनदा. मग तिला डोळा लावून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं बघत राहिले. बराच वेळ.

"सरळ हाय," ते म्हणाले. "लाकूड सरळ हाय."

त्यांनी आण्णांना रीतसर विचारलं. बदल्यात गोदामाला बाभळीच्या दोन फळ्या बसवून द्यायच्या ठरल्या. आण्णांनी कमिटीत विषय मांडला तेव्हा मी तिथं होतो. ते म्हणाले, "लिंबाजीला जुनी दांडी पाहिजे. गिटारीला."

कमिटीत दगडूतात्या म्हणून वयस्कर सभासद होते, कानानं कमी. ते ठसक्यात म्हणाले, "गटारीला? द्या की. त्या वाड्याला गटार पायजेच. बायाबापड्या चिखलातनं जात्यात."

कुणी दुरुस्त केलं नाही. आण्णा घाईत होते, आणि बाकीच्यांना गिटार म्हणजे काय हे तितकंसं माहीत नव्हतं. गटार सगळ्यांना माहीत होतं. मंजूर, असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, डिग्रीच्या वाड्यात गटार होणार. सोसायटीनं सामान दिलं. बौद्धवाड्यात आनंद झाला. लोक दारापुढची जागा मोकळी करू लागले. काही दिवस गेले, आणि आनंदाचा संशय झाला.

कौसाबाई दादांना म्हणाल्या, "नळाला गेलं की बाया विचारत्यात, गटारीचं काम कवा? म्या काय सांगू? आमच्या घरात गटारीला तारा बसवाय चालल्यात म्हणू?"

दादा वाड्यात एकेकाला समजावत फिरले. गटार नाही, गिटार. लोक म्हणत, "बरं बरं, गिटार. पण गटारीचं सामान कुठं गेलं?"

विश्वनाथरावांना एवढंच हवं होतं. ओट्यावर कॅन घेऊन उभ्या असलेल्या लोकांपुढं ते म्हणाले, "दूध तपासणारा सोसायटीचं सामान घरला नेतोय. वाड्याची गटार खाल्ली त्यानं. आन हा आमच्या दुधाची डिग्री सांगणार."

त्या दिवसापासून ओट्यावरचं वातावरण बदललं. दादांनी आकडा सांगितला की लोक म्हणू लागले, दुसऱ्याकडून बघा. एकानं तर नळीच बदललेली आहे म्हणून सांगितलं. आकडा तोच असायचा, पण तो सांगणाऱ्यावरचा भरवसा गेला की आकड्याला काही अर्थ उरत नाही. काट्यावर बसणाऱ्या माणसाला हे दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळतं. दादा त्या दिवसांत सुपारी कातरायचे आणि तोंडात टाकायचं विसरायचे. एकदा म्हणाले, "काटेवाले, म्या जल्मभर लोकावर संशय घेतला. संशय घेणाऱ्यावर कुणी घेतला तर त्यानं कुणाकडं जायाचं?"

वार्षिक सभा गोदामापुढच्या लिंबाखाली भरली. खुर्च्यांवर कमिटी, सतरंजीवर सभासद, आणि दुधाचे सभासद म्हणून बौद्धवाड्यातली काही माणसं कडेला उभी. विश्वनाथरावांनी विषय काढला. ते दादांना 'तू'च म्हणत.

"लिंबाजी, सोसायटीनं तुला गटारीला दांडी दिली. गटार दाखव."

कडेच्या लोकांतूनही एकजण म्हणाला, "व्हय दादा, दाखवाच एकदा."

दादा उठले, घरी गेले आणि चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन आले. चादर काढली. सागाचं धड, शिसवीची काळपट मान, पितळी बिजागरी, हिरवा टूथब्रश. तारा अजून दोनच चढवल्या होत्या. लोक पुढं सरकले. कुणीतरी म्हणालं, "आयला, ही व्हय गटार!" आणि थोडं हसू झालं.

आण्णांना सुटका दिसली. "वाजवून दाखवा, लिंबाजी. म्हंजी मिटलं."

"न्हाय," दादा म्हणाले.

"का?"

"कुणी वाजीव म्हणलं की वाजवायचं, ते आमच्या बापापाशी संपलं. जयंतीला वाजवीन. ज्याला ऐकायचं त्यानं यावं."

सभा पुन्हा तापली. विश्वनाथराव उभे राहिले. "वाजत नसंल म्हणून! आन दांडी केवढी होती? सव्वाचार फूट. ही मान बघा, निम्मीच हाय. बाकीची कुठंय? चुलीत घातली का विकली?"

"हाय की," दादा म्हणाले. "दाखवू?"

"दाखवच."

दादांना घरी जावं लागलं नाही. ती त्याच चादरीत होती. त्यांनी ती काढून आण्णांपुढच्या टेबलावर ठेवली. "ही घ्या. मधल्या भोकापाशी कापली. एक बाजू गिटारीला लागली, ही दुसरी सोसायटीची. परत घ्या."

विश्वनाथरावांनी तो तुकडा उचलून फिरवून बघितला. कुठं नख लावावं ते त्यांना सापडेना. म्हणाले, "मग हीच बाजू का ठेवली? चांगल्या लाकडाची बाजू तू घेतलीस, खराब आम्हाला."

"लाकूड दोन्ही बाजूला सारखंच हाय. दोन्ही लावून बघितल्या. ही बाजू गिटारीला कमी पडली."

"कमी पडली म्हंजी?"

"बोटभर आखूड भरली."

"काय बोलतोस? तराजूची दांडी हाय ती. दोन्ही बाजू सारख्याच असत्यात."

दादा त्यांच्याकडं बघत होते. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "असाय पायजेत."

सुरुवातीला कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण माझा तो धंदाच आहे. दांडी मधोमध टांगलेली नसेल तर आखूड बाजूच्या पारड्यात जास्त माल घातल्याशिवाय काटा बरोबर होत नाही. आखूड बाजूला माल, लांब बाजूला वजनं. रिकामा तराजू सरळ दिसावा म्हणून आखूड बाजूच्या पारड्याला जरा जाड साखळी लावली की झालं. आण्णांनी तो तुकडा घेतला आणि गिटारीच्या मानेला लावून बघितला, भोकापासून भोकापर्यंत. माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. मग सतरंजीवरचे म्हातारे एकेक करून बोलायचे थांबले. त्यांच्या चेहऱ्यांवर मला दिसत होतं, की प्रत्येकजण आपापल्या खळ्यावर परत गेला आहे.

दगडूतात्यांना काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काय झालं रं? समदे गप का?"

कुणीतरी त्यांच्या कानात ओरडलं, "तात्या, दांडी एका बाजूला आखूड निघाली!"

हे मात्र तात्यांना नीट ऐकू आलं. त्यांनी विचारलं, "कुणाची?"

सगळे विश्वनाथरावांकडं बघू लागले. मला त्या क्षणी विश्वनाथरावांचं वाईट वाटलं. अडतीवर तो तराजू चालत होता तेव्हा ते शाळेत जात असणार. त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला, पुन्हा घेतला आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "गिटारच हाय ती. मान्य. पुढचा विषय घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरचं दूध आलं. नळी छान वर तरंगली. दादांनी ती पुसली आणि पुन्हा सोडली. मागं कुणी दुसऱ्याकडून बघा म्हणालं नाही.

जयंतीला दादांनी गिटार वाजवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भाड्याचा भोंगा, बॅटरी, आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात दादा. खरं सांगायचं तर ती फार चांगली वाजत नव्हती. आऱ्याच्या पट्ट्यांवर एक तार घासून खरखरायची आणि मधेच भोंगा शिट्टी मारायचा. पण एक सूर त्यांनी छेडला आणि हात बाजूला घेतला, तो वेशीपासून चावडीपर्यंत रेंगाळत गेला. आंब्यावर तो इतका टिकला नसता. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. ट्रॉली थांबेल, कुणी हे वाजव, ते वाजव म्हणेल, असं मला वाटत होतं. कुणी म्हणालं नाही. त्यांना जे वाजवायचं होतं तेवढं त्यांनी वाजवलं आणि थांबवलं.

कौसाबाई ट्रॉलीमागून चालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "गिटार आली, भाऊ. गटार न्हाय आली." ती पुढं कितीतरी वर्षं आली नाही.

मी चार पावलं त्यांच्याबरोबर चाललो, तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "आमचे सासरे रावांच्या अडतीवर हमाल होते. म्हणायचे, माझ्या पाठीवर जड असलेलं पोतं ह्या काट्यावर गेलं की हलकं कसं होतंय? मरेस्तोवर तेच एक."

मी तिथंच थांबलो. मिरवणूक पुढं गेली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. दादांना गिटारीला शिसव हवी होती, की शिसवीची ती दांडी हातात यावी म्हणून गिटार हवी होती? त्या दिवशी गोदामात खुर्चीवर चढून ते बराच वेळ काय बघत होते? त्यांनी "लाकूड सरळ हाय" असं म्हटलं होतं. दांडी सरळ आहे असं नव्हतं म्हटलं. पाच लाकडांची ती परीक्षा, पलंगाची फळी, बर्मा साग हे सगळं खरंच होतं. मी स्वतः तोललेलं आहे. तरीही.

बरीच वर्षं मी विचारलं नाही. माझी बदली झाली, दादा ओट्यावरून निवृत्त झाले आणि लेकीकडं सोलापूरला राहायला गेले. शेवटचे भेटले ते उमरग्याच्या बसस्थानकावर. केस पूर्ण पांढरे झाले होते. मांडीवर त्याच चादरीचं गाठोडं, गिटारीच्या आकाराचं. लेकीच्या मुलाला शिकवतो म्हणाले, पण पोरगं तार ताणताना घाई करतं, त्याच्यावर भरवसा नाही.

सोलापूरची गाडी लागली. ते खिडकीशी बसले. कंडक्टर ते गाठोडं वर ठेवा म्हणाला, तर म्हणाले, "वर कशाला? माझ्या देखत राहू द्या." मी खिडकीखाली उभा राहिलो, आणि आता नाही तर कधीच नाही असं वाटून विचारलं, "दादा, एक खरं सांगा. गिटारीसाठी दांडी मागितली होती, का दांडीसाठी गिटार केली?"

त्यांनी सुपारी काढली. कातरत बसले. मग म्हणाले, "काटेवाले, तुमी तिच्याखाली इतकी वर्षं बसला. तुमाला तिची खोट कधी दिसली न्हाय?"

"मी लागलो तेव्हा नवा काटा आला होता, दादा. ती नुसती टांगलेली होती. मी तिच्यावर कधी काही तोललंच नाही."

हे खरं होतं आणि खरं आहे. गाडी सुरू झाली. दादांनी कान जरासा माझ्याकडं केला, जसा ते फळीकडं करायचे, आणि हललेल्या खिडकीतून म्हणाले,

"आता परत सांगा."